कॉलरचं डावं टोक

थोरली जाऊ तीस वर्षं शर्ट शिवत होती. तिच्यासारखी टोकदार कॉलर आसपास कुणाला जमत नसे. थायरॉईड काढायची ठरली आणि मशीन धाकट्या जावेच्या हाती जाणार, हे दिसलंच. मग बाईनं काय करावं? कॉलरची टोकं आतून बाहेर काढायची बांबूची काडी कपाटामागे सरकवली आणि निर्धास्त ऑपरेशनला गेली.

दुसऱ्या दिवशी धाकटी नवा गाऊन घेऊन हजर. "ताई, कॉलर सैल ठेवलीय. गळ्याची पट्टी झाकेल."

"माझ्या मशीनवर शिवलास?"

"मग काय, नर्सबाईंच्या?"

टोकं कशी सुईसारखी! थोरलीचा जळफळाट झाला. खोट शोधायला तिनं कॉलरवरून बोट फिरवलं, पण बोटाला काही लागेचना. बोट जणू दुसऱ्याचंच. सकाळपासून मुंग्या येत होत्या.

नर्सनं बजावलं होतं, "थायरॉईडच्या मागे तांदळाएवढ्या चार ग्रंथी असतात. ऑपरेशननंतर त्या रुसल्या तर रक्तातलं कॅल्शियम उतरतं. ओठांना, बोटांना मुंग्या आल्या की लगेच सांगायचं." दर सहा तासांनी रक्तही नेत होते.

पण सांगितलं तर मुक्काम वाढणार, आणि तोवर सगळी गिऱ्हाइकं धाकटीची!

"ओठ का चोळताय, ताई?"

"तुझी कॉलर बघून."

संध्याकाळी नर्सनं बीपीचा पट्टा आवळला आणि मुद्दाम तसाच ठेवला; कॅल्शियम उतरलं असलं तर आवळलेला हात वळतो, तेच तिला बघायचं होतं. दोन-तीन मिनिटांत थोरलीचं मनगट आपोआप वाकलं, बोटं जुळली, अंगठा आत गेला. हवेत सुई धरल्यासारखा हात!

"अगं बाई, हात बघा!" धाकटी किंचाळली.

"काकू, मुंग्या कधीपासून?"

"...सकाळपासून."

"आणि गप्प बसलात? हीच उबळ घशात आली असती तर श्वास अडकला असता!"

रक्ताचा रिपोर्टही तेच बोलला. शिरेतून हळूहळू कॅल्शियम दिलं. धाकटी पाय चोळत बसली, तेही थोरलीला खुपलंच.

सकाळी बोटं परत आपली झाली. पहिलं काम कॉलर चाचपायचं. डाव्या टोकाशी मोहरीएवढी गाठ लागली.

"हे काय गं?"

"कात्रीनं टोक काढताना फाटलं हो. रफू केलं. तुमच्यासारखं कुठलं जमायला!"

कॅल्शियमनं आली नसेल एवढी टवटवी थोरलीच्या तोंडावर आली. डॉक्टर म्हणाले, अजून दोन दिवस राहा. तिनं हूं की चूं केलं नाही.

धाकटी दारापर्यंत पोचली, तशी मागून हाक आली.

"अगं, कपाटामागे बघ जरा. माझी काडी पडलीय."

"पडलीय?"

"पडलीय म्हणते ना!"