टेबलाखालच्या खुणा

पावणेपाचला फुटपट्टीचा दिवस सुरू व्हायचा. पाचला लाँड्रीचं शटर वर जाई आणि त्याआधी मायलेकी दारात उभ्या असत. इस्पितळांच्या आणि हॉटेलांच्या चादरी तिथे धुवायला यायच्या. आई अठरा वर्षं चादरींना इस्त्री करणाऱ्या गरम रोलरवर होती. मुलगी, म्हणजे फुटपट्टी, खुणा घालायची. प्रत्येक चादरीच्या कोपऱ्यात न पुसणाऱ्या शाईने लिहायचं: कुणाची, कुठल्या मजल्यावरची, कितवी. खूण चुकली की इस्पितळाची चादर हॉटेलात जाते आणि बोलणी आईला बसतात. म्हणून खूण चुकत नसे. आठला तिथल्या बारा जणी कपड्यांच्या गठ्ठ्यांवर टेकून, डबा मांडीवर घेऊन, चार घास खायच्या. मग ही हात धुऊन युनिव्हर्सिटीत पळायची.

बँक आणि टायरचं दुकान यांच्यामध्ये दाटीवाटीने उभी असलेली दहा मजली काचेची इमारत, एवढीच ती युनिव्हर्सिटी. मैदान नव्हतं. चेंडू गच्चीवर खेळायचा आणि खाली गेला की टायरवाल्याची मनधरणी करायची. लिफ्टपुढे रांग, हजेरीला अंगठा, लायब्ररीत पुस्तकावर गाल टेकून झोपलेली निम्मी जनता. एकाचा डबा उघडला की सहा हात आत. फुटपट्टीला हे सगळं फार आवडायचं. निम्मी फी शिष्यवृत्तीतून जायची, निम्मी चादरींमधून.

ती फर्निचर बनवायला शिकत होती. उंच, काटकुळी, आणि दिसेल ते मोजणारी. पहिल्या आठवड्यातच हे नाव पडलं. तिचा वर्गातल्या कामातला जोडीदार गाडीवाला. त्याला रोज ड्रायव्हर सोडायचा आणि तो रोज उशिरा यायचा.

"गाडीत बसून उशीर कसा होतो रे?"

"गाडीत बसल्यामुळेच होतो. तू चालतेस, तुला काय."

वर्षअखेरीला दोघांनी मिळून जेवणाचं टेबल करायचं होतं. किती माणसांचं, ते आपलं आपण ठरवायचं.

"बारा," फुटपट्टी म्हणाली.

"बारा? लग्न आहे का कुणाचं?"

"बाराच."

परीक्षा तळमजल्यावरच्या हॉलमध्ये, अकरा वाजता. अकराला जे काम हॉलमध्ये नसेल ते तपासलं जाणार नव्हतं. मग सत्र पुन्हा, फी पुन्हा. गाडीवाल्याला ते झेपलं असतं. तिचं शिक्षण तिथेच थांबलं असतं.

कार्यशाळा आठव्या मजल्यावर होती आणि ती सुतारकाकांच्या ताब्यात होती. काका कमी बोलायचे, पण बोलले की काम वाढायचं. "सरस नाही, स्क्रू नाही. जोड असा कापा की खाचेत ठोकलेल्या नुसत्या लाकडी फाचरीवर उभा राहील." पहिले सात जोड त्यांनी खिडकीकडे धरून पाहिले आणि परत दिले. "उजेड दिसतोय. दुसरा कर." आठवा त्यांनी परत दिला नाही, त्यावरून तो जमला हे कळलं. गाडीवाला दोनदा सरसाची बाटली घेऊन आला. दोन्ही वेळा फुटपट्टीने ती त्याच्याच पिशवीत परत ठेवली. पाच आठवडे गेले. गाडीवाल्याच्या तळव्यांना फोड आले. ते तो वर्गात सगळ्यांना दाखवत फिरला.

जसजसे भाग तयार होत गेले, तसतशी फुटपट्टी त्यांच्या खालच्या अंगाला लाँड्रीच्या शाईने खुणा घालत गेली. कुठली बाजू, कितवी फळी, कुठली फाचर.

"टेबल धुवायला टाकणार का गं?"

"सवय आहे."

"मग माझ्यावरही घाल एक. हरवलो तर घरी पोचेन."

परीक्षेच्या दिवशी पावणेदहाला त्यांनी टेबल लिफ्टपाशी आणलं. टेबल दहा फूट. लिफ्ट सहा. त्यांनी हॉल मोजला होता, बारा माणसांचे गुडघे मोजले होते, कोपरांना लागणारी जागाही मोजली होती. लिफ्ट मोजली नव्हती.

"तुझं नाव काय ठेवलंय आपण?" गाडीवाल्याने हळूच विचारलं.

जिन्याच्या पहिल्याच वळणावर टेबल अडकलं आणि गाडीवाला त्याच्यामागे कोपऱ्यात कोंडला गेला. तेवढ्यात काका येऊन कठड्याला टेकले.

"दर वर्षी कुणीतरी हे करतंच. गेल्या वर्षी कपाट होतं. ते अजून वरच आहे. सरस लावलाय?"

"नाही, काका."

"मग तोंडं काय पाडताय? लाकडी हातोडी आणा."

फाचरी एकामागून एक बाहेर आल्या. वर्गातली पोरं आपापली कामं मांडून परत वर आली, खांद्यावर फळ्या घेऊन आठ मजले उतरली. साडेदहाला हॉलमध्ये फाचरींसह एकतीस तुकडे पडले होते. प्रत्येक फाचर फक्त आपल्याच खाचेत बसणारी, आणि दिसायला सगळ्या सारख्या. गाडीवाल्याचा चेहरा उतरला. "कुठली कुठे?"

फुटपट्टीने तुकडे पालथे केले. पहाटे ढिगातून चादरी लावते तशी ती सांगत गेली. "डावी, तिसरी. ही उजवीकडची. ती नाही, तिच्याशेजारची." तो ठोकत गेला. अकराला पाच मिनिटं असताना टेबल उभं राहिलं.

परीक्षक मॅडम जोडावरून नख फिरवत गेल्या. नख कुठे अडलं नाही. मग त्या वाकल्या.

"हे खाली काय लिहिलंय?"

"लाँड्रीच्या खुणा, मॅडम. मी तिथे काम करते."

मॅडमनी बारा मुलांना बसवलं. कुणाचं कोपर कुणाला लागेना. त्यांनी मान डोलावली आणि वर्गातले सगळ्यात जास्त गुण लिहिले. दारातून काकांनी एवढंच विचारलं, "पुढच्या वेळी आधी काय मोजायचं?"

"दार, काका."

केलेलं काम कुणाला हवं असेल तर लाकडाची किंमत भरून नेता यायचं. त्या वर्षाची फी भरून झाली होती. फुटपट्टीने महिन्याचा पूर्ण पगार फीच्या खिडकीवर दिला. टेबल गाडीवाल्याच्या गाडीच्या टपावरून लाँड्रीत आलं, तुकड्या-तुकड्यांत.

"एवढं धूड आत मावेल का गं?" आईने विचारलं.

"मोजलंय, आई."

दुसऱ्या दिवशी आठ वाजता बारा जणींनी डबे टेबलावर ठेवले आणि त्या पहिल्यांदा समोरासमोर बसून जेवल्या.