ॲसिडने काढलेला बांध

परवा न्हाणीघराच्या फरशीवर ॲसिड ओतलं आणि त्या वासासरशी सौदीतल्या रास तनुराचं आमचं वेल्डिंग शॉप समोर उभं राहिलं. दोन हजार चार-पाचची गोष्ट. आमच्या डच इन्स्पेक्टरने घरून आणलेलं जुनं चित्र दाखवलं. सपाट शेतं, गवती घरं, समुद्र अडवणारा बांध.

"तांब्याच्या पत्र्यावर या रेघा ॲसिडने कोरून मग कागदावर छापल्यात," तो म्हणाला. आम्ही ज्या ॲसिडने वेल्डचे जोड साफ करायचो, त्याने कुणी अख्खं गाव काढलं होतं!

मी वेल्ड तपासायचं भिंग लावलं. बांधावर मुंगीएवढा माणूस चिखल थापत होता, कोकणात आमच्या खारबांधावर बाबा थापायचे तसाच.

"या बांधावरच्या माणसाने हे चित्र पाहिलं असेल?" मी विचारलं.

"छे! असली चित्रं शहरातले पैसेवाले घ्यायचे."

बाहेर फोरमन 'यल्ला, यल्ला' ओरडत कामाची घाई करत होता. मला भिंग खाली ठेववेना. बाबांचा एकही फोटो आमच्या घरात नव्हता.