जिवंत माणसाची श्रद्धांजली आणि अकरा सेकंदांचं क्लॅरिनेट

देवधर काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं नसतं तर ही सहल मला मिळालीच नसती. काका आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. बँकेतून निवृत्त झालेत आणि कोल्हापुरातल्या जॅझ मंडळाचे अध्यक्ष आहेत. हो, कोल्हापुरात जॅझ मंडळ आहे. महिन्यातून एकदा आठ-दहा माणसं जमतात, रेकॉर्ड लावतात आणि रेकॉर्ड संपेपर्यंत तिच्यावर बोलतात. काकांना गाडी चालवायला मनाई होती. मला गाडी येते, कॉलेज मी अर्ध्यात सोडलंय, आणि "पेट्रोल आमचं, राहणं आमचं" असं कुणी म्हणालं की मी कुठे जायचंय तेही विचारत नाही.

जायचं होतं आचऱ्याला. तिथून मालवणकडे जाताना रस्त्याला लागूनच सालू अंकलचं घर आहे. वय पंच्याऐंशीच्या आसपास. तरुणपणी ते मुंबईत सिनेमाच्या गाण्यांत क्लॅरिनेट वाजवायचे. एका जुन्या काळ्या-पांढऱ्या सिनेमात हिरोईन क्लबाच्या जिन्यावरून खाली उतरते, तेव्हा बाकी सगळी वाद्यं थांबतात आणि अकरा सेकंद एकटं क्लॅरिनेट वाजतं. मंडळाच्या मते अख्ख्या हिंदी सिनेमात अस्सल जॅझ काय ते एवढंच. ते कोणी वाजवलं यावर मंडळात कित्येक वर्षं भांडण चाललं होतं. मग चिटणीस विश्वासरावांना कुठूनसा स्टुडिओच्या हजेरीचा कागद मिळाला, त्यावर सालू अंकलचं नाव होतं. म्हणून शाल, नारळ आणि काचेच्या फ्रेममधलं मानपत्र घेऊन आम्ही चौघं निघालो: काका, विश्वासराव, नीलाताई आणि स्टिअरिंगवर मी.

सकाळी सहाला निघालो. राधानगरी, दाजीपूर, फोंडा घाट, कणकवली, आचरा. वाटेत थांबत गेलात तरी पाच तासांत पोचता. राधानगरीपर्यंत काकांनी साठ सालानंतरचं सगळं संगीत निकालात काढलं. मी माझं एक गाणं लावलं तर म्हणाले, "हे संगीत नाही, हा मिक्सर आहे." नीलाताई जुन्या सिनेमांच्या जाणकार. म्हणजे कुठल्या हिरोचा टोप कुठल्या सीनमध्ये सरकला होता आणि कुठल्या नटीने कुणाशी लग्न मोडलं, हे त्यांना तारखेसकट पाठ. परवा कुणा नव्या नटाचा घटस्फोट झाला, त्यावर त्या दाजीपूरपर्यंत बोलल्या.

"अहो, पण तुम्ही नवीन सिनेमे बघतच नाही ना?" मी विचारलं.

"बघत नाहीच. बघण्यासारखं काय असतं त्यांत? घटस्फोट तेवढे बरे असतात."

विश्वासराव मागे बसून मोबाइलवर टाइप करत होते. त्यांचं काम तुम्हाला सांगायलाच हवं, कारण पुढचं सगळं त्यातून झालं. विश्वासराव श्रद्धांजल्या तयार ठेवतात. गायक असो, नट असो, तबलजी असो, सत्तरी ओलांडली की त्याची श्रद्धांजली विश्वासरावांच्या मोबाइलमध्ये लिहून तयार. सांगलीच्या एका ग्रुपने एकदा त्यांच्याआधी वीस मिनिटं श्रद्धांजली टाकली होती, ते त्यांना अजून झोंबतं. "शेवटी अभ्यास असतो हो त्यामागे," ते म्हणाले. सालू अंकलना भेटायला जाता जाता ते सालू अंकलचीच श्रद्धांजली सुधारत होते. 'अकरा सेकंदांचा सम्राट हरपला' असं शीर्षक. शुद्धलेखन तपासायला त्यांनी ती नीलाताईंना पाठवली. नीलाताई त्यांच्या शेजारीच बसल्या होत्या.

"आली नाही मला," नीलाताई म्हणाल्या.

विश्वासरावांनी मोबाइल बघितला आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. श्रद्धांजली मंडळाच्या मोठ्या ग्रुपवर गेली होती. त्यात मुंबई, पुणे, गोवा धरून चारशे माणसं. आणि ते डिलीट करायला जाईपर्यंत दाजीपूरचं जंगल सुरू झालं. रेंज गेली.

पुढचा सगळा घाट विश्वासराव मोबाइल खिडकीबाहेर धरून बसले होते. घाट सुंदर आहे हो. दाट झाडी, वळणावर मध्येच खाली कोकण दिसतं. पण एक माणूस मागे "हरे राम, हरे राम" करत असताना काय बघणार? तरी मी एका ठिकाणी थांबले, कारण रस्त्यात शेकरू बसलं होतं. तिघंही माझ्यावर ओरडले. फोंड्याला खाली उतरल्यावर रेंज आली आणि तिघांचे मोबाइल एकदम वाजायला लागले. भावपूर्ण श्रद्धांजली. एका युगाचा अंत. हात जोडलेले, रडणारे, मेणबत्तीवाले. सांगलीच्या ग्रुपने ते उचलून आपल्या नावाने टाकलं होतं. विश्वासरावांनी आपला मजकूर डिलीट केला, पण तोवर तो गोव्यापर्यंत पोचला होता.

"घरी फोन करा आधी," मी म्हटलं. सालू अंकलच्या घरचा फोन सतत बिझी. कणकवलीला मी खाजं घ्यायला उतरले, गूळ आणि आल्याचं, ताजं, गरम. गाडीत कुणीच खाल्लं नाही. मग मीच खाल्लं.

अकरा वाजता पोचलो तर अंगणात खुर्च्या मांडलेल्या. वीसेक माणसं बसलेली. शेवंतीचा एक हार दाराला टेकवून ठेवलेला, गोव्याहून भाचा घेऊन आला होता. आणि समोरच्या सोप्यावर, वेताच्या खुर्चीत, इस्त्रीचा शर्ट घालून सालू अंकल बशीतून चहा पीत बसलेले.

"येवा, येवा," ते म्हणाले. "मी मेलंय, पण चाय गावतली."

त्यांची मुलगी रोझी मात्र हसत नव्हती. तिने आधी मला धरलं, कारण मी सगळ्यात पुढे होते. "तू लिवलंस गो तां?" मी विश्वासरावांकडे बोट दाखवलं. "अहो मास्तर," ती शुद्ध मराठीत सुरू झाली, आणि कोकणातल्या माणसाने शुद्ध मराठी काढली की समजायचं आपलं काही खरं नाही. "माझा भाऊ कुवेतला ड्युटीवर रडत बसलाय. पाद्रींनी चर्चची घंटा कधी वाजवायची ते विचारायला माणूस पाठवला. तुम्हाला लाज वाटते की नाही?" विश्वासराव "तांत्रिक चूक, तांत्रिक चूक" म्हणत राहिले. तेवढ्यात नीलाताई हळूच मला म्हणाल्या, "रोझीचं नाक अगदी त्या हिरोईनसारखं आहे, नाही?"

काकांनी शाल काढली. कार्यक्रम उरकला की वातावरण निवळेल, असा त्यांचा हिशेब. पण सालू अंकलनी हात वर केला. त्यांच्या मांडीवर एक कागद होता, शेजारच्या कुणीतरी श्रद्धांजली झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणली होती. चष्मा लावून त्यांनी ती सगळ्यांदेखत वाचली होती, दोनदा.

"मी मेलंय, तां चलात," ते म्हणाले. "पण तां क्लॅरिनेट माझां न्हय."

अंगणातल्या खुर्च्या पुढे सरकल्या.

काका हसले. "अंकल, तुम्ही विसरलात. हजेरीच्या कागदावर तुमचं नाव आहे."

"कागद माझो. वाजवणारो बुधाजी."

मग त्यांनी सांगितलं. बुधाजी देवळी, इथलाच, देवळात सनई वाजवणाऱ्यांच्या घरातला. मुंबईत गावच्या माणसांच्या खोलीवर स्वयंपाक करायचा. सालू अंकलनी त्याला रिकाम्या वेळात क्लॅरिनेट शिकवलं. रेकॉर्डिंगच्या दिवशी अंकलची दाढ सुजली. "तोंडात लाकूड धरूक येय ना. बुधाजीक माझो कोट घातलंय आणि माझ्या नावावर उभो केलंय." बाकीच्या गाण्यात त्याने कागदावरचं वाजवलं, आणि ती मोकळी जागा आली तेव्हा संगीतकाराने हाताने खूण केली, काहीतरी वाजव. त्याने वाजवलं. वर्षभरात बुधाजीचा बाप गेला, देवळातली सनई वाजवायला घरात कुणी उरलं नाही, तो गावी परतला. तीन वर्षांपूर्वी तोही वारला.

"मग आम्ही फोन केला तेव्हा का नाही बोललात?" विश्वासरावांनी विचारलं. आवाजात तक्रार होती, जणू फसवणूक त्यांची झाली.

"तुमी इचारलास, 'तुम्हीच ना?' मी म्हटलंय, 'मी थंय होतंय.' फुडला तुमी आयकलास खंय? तासभर तुमीच बोलत होतास." अंकलनी चष्मा काढून कागदावर ठेवला. "आणि माकाही बरां वाटलां. खोटा कित्याक सांगू? इतक्या वर्सांनी कोण तरी इचारता. गप रवलंय. पण ह्या छापून इलां. आता माझ्या नावावर तां कायमचा ऱ्हवात."

अंगणातल्या खुर्च्यांत मागे एक म्हातारी बसली होती, काष्ट्याचं लुगडं नेसलेली. ती अंकल गेले म्हणून रडायला आली होती आणि चहा पिऊन थांबली होती. अंकलनी तिच्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. ती बुधाजीची बायको. सगळे तिला पार्वतीकाकी म्हणतात.

"तो सांगी माका," काकी म्हणाली. "सिनेमात वाजवलंय म्हणान. माका वाटला, थापा मारता." मग माझ्याकडे वळून, "तुझ्या मोबाइलात आसा गो तां?"

माझ्या नव्हतं, पण काकांच्या होतं, आणि काकांकडे भारीतला स्पीकरही होता. गाणं लागलं. हिरोईन जिन्यावर येते ती जागा आली, आणि काका सुरू झाले: "आता ऐका हं, इथे तो सूर मुद्दाम किंचित उतरवलाय, ही थेट अमेरिकेतल्या दक्षिणेकडची..." नीलाताई म्हणाल्या, "आणि साडी जॉर्जेटची आहे." अकरा सेकंद संपली.

"परत लाय," काकी म्हणाली.

परत लागलं. "म्हणजे बघा, ही जी श्वासाची पद्धत आहे..." काका म्हणाले.

"गप ऱ्हवा मरे वायच!" काकी ओरडली.

काका गप्प झाले. मी त्यांना दोन दिवसांत एवढंच एकदा गप्प बघितलं. तिसऱ्यांदा गाणं लागलं आणि आम्ही सगळे ऐकत होतो, वीस माणसं, एक हार आणि एक कोंबडी. अकरा सेकंद म्हणजे फार नसतात. पण मी तोवर ती कधी ऐकलीच नव्हती, नुसतं त्यांच्याबद्दल ऐकलं होतं. एक सूर लांबून येतो, जवळ येऊन जरा वाकतो आणि घाईघाईने निघून जातो.

काकीने पदराने डोळे पुसले नाहीत की काही नाही. "घाई केल्यान," ती म्हणाली. "पालखेच्या येळाक सावकाश वाजवी. तोच सूर." आणि उठून घरी गेली, कारण भाताचं आंधण ठेवून आली होती.

शाल आणि नारळ अंकलनी घेतला. मानपत्र परत दिलं, म्हणाले नाव बदलून आणा.

आचऱ्याला किनाऱ्यालगत राहायची सोय चांगली आहे, दोन जणांची खोली पंधराशे-अठराशेला मिळते, जेवण घरचं. संध्याकाळी रापण, म्हणजे मासेमारीचं लांबलचक जाळं, किनाऱ्यावर ओढताना बघितली, मीही दोरीला हात लावला, तळहात सोलून निघाले, दोन बांगडे मिळाले. दुसऱ्या दिवशी मालवणला किल्ल्यात जायचा बेत होता, पण होडीच्या रांगेतच मंडळाची बैठक भरली आणि आमचा नंबर दोनदा गेला. विषय: दुरुस्ती टाकायची की नाही.

"तोंडी साक्ष हा पुरावा नसतो," विश्वासराव म्हणाले. "आपल्याकडे कागद आहे."

"म्हाताऱ्याची स्मृती," काकांनी हळहळून मान हलवली. "शिवाय सनईवाला म्हटलं की आपला सगळा सिद्धांतच जातो. मी त्यावर चाळीस पानं लिहिलीत."

"सांगलीवाले हसतील," नीलाताई म्हणाल्या. तो मुद्दा सगळ्यात वजनदार ठरला.

सुरमई थाळीवर ठराव झाला: तूर्त थांबावं. (थाळी साडेतीनशे, सोलकढी मागाल तितकी. तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, वेगळ्या मागवा.) किल्ला राहिलाच.

निघताना मी एकटीच अंकलकडे गेले होते. त्यांनी माझ्या मोबाइलवर बोलून दिलं, मंडळासाठी, दीड मिनिट. मी ते काकांना पाठवलं. ग्रुपवर टाकायचं काम त्यांचं, मी काही त्या ग्रुपमध्ये नाही. कणकवली गेली तरी त्यांनी टाकलं नव्हतं. फोंड्याला घाट सुरू व्हायच्या आधी मी गाडी बाजूला घेतली आणि चावी काढली.

"काय झालं?"

"इथून पुढे रेंज नाही, काका. टाकेपर्यंत गाडी वर चढणार नाही."

"हे ब्लॅकमेल आहे."

"हो."

विश्वासराव म्हणाले, आम्ही एसटीने जाऊ. एसटी दोन तासांनी होती. टाकलं शेवटी. वर एक ओळही न लिहिता, नुसता आवाज.

कोल्हापुरात आल्यावर मी काकांचा मोबाइल मागून घेऊन बघितला. चारशे माणसांच्या ग्रुपवर एक म्हातारा स्वतःच्या आवाजात स्पष्ट सांगतोय की मी सालू, जिवंत आहे, ते क्लॅरिनेट बुधाजीने वाजवलं. त्याखाली: भावपूर्ण श्रद्धांजली. विनम्र अभिवादन. काय आवाज होता! एकाने लिहिलं होतं, 'अत्यंत दुर्मिळ ध्वनिमुद्रण, कुठल्या सालचं आहे?' एकाने मालवणी लहेजाचं कौतुक केलं होतं. त्यानंतर कुणीतरी त्या घटस्फोटवाल्या नटाचा फोटो टाकला आणि सगळे तिकडे वळले.

या सहलीतून माझ्याजवळ काय उरलं म्हणाल तर सोललेले तळहात आणि जॅझबद्दल थोडी धास्ती. ते संगीत वाईट नाही, मी आता कधी कधी लावते. त्यावर बोलणारी माणसं शेजारी नसली तर चांगलं लागतं.

आणि एक गोष्ट. त्या सगळ्या हात जोडलेल्यांच्या मध्ये एका बाईने, नाव माहीत नाही, दोन शब्द लिहिले होते: 'बुधाजी कोण?' तिला अजून कुणी उत्तर दिलेलं नाही. काका म्हणतात, विषय शिळा झाला.

ताई, तुम्ही हे कुठे वाचत असाल तर: बुधाजी देवळी, आचरा. गावच्या देवळात सनई वाजवायचे. त्या सिनेमातली ती अकरा सेकंदं त्यांची आहेत. जरा घाईत वाजवलीत, असं त्यांच्या बायकोचं मत आहे.