रोडग्यांच्या जेवणानंतरची नळी

नळीतलं रक्त माझंच आहे, हे मला आधी पटेना. खाली लाल भाग होता. पण वर जिथे पिवळसर, नितळ पाणी दिसायला हवं, तिथे दुधासारखं पांढरट काहीतरी साचलं होतं. अकोल्याच्या त्या दवाखान्यात डॉक्टरांनी नळी उजेडात धरली आणि विचारलं, “गुरुजी, दुपारी काय जेवले?”

“रोडगे,” मी सांगितलं.

मी अमरावतीचा, निवृत्त शिक्षक. दीड वर्षापूर्वी माझी अँजिओप्लास्टी झाली, म्हणजे हृदयाच्या बुजलेल्या रक्तवाहिनीत जाळी बसवली. तेव्हापासून लिपिड प्रोफाइलचा, म्हणजे रक्तातल्या चरबीच्या तपासणीचा प्रत्येक रिपोर्ट चांगला. ती फाईल मी पाहुण्यारावळ्यांनाही दाखवायचो.

त्या रविवारी अकोल्याजवळ साळ्याच्या, म्हणजे बायकोच्या भावाच्या, शेतात रोडगे होते. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले कणकेचे गोळे फोडून तुपात बुडवायचे आणि तर्रीदार वांग्याच्या भाजीशी खायचे. आमच्याकडे ताटावर हात आडवा धरला की वाढणाऱ्याला जास्तच चेव येतो. “भाऊजी, घरचं तूप हाय, काई होत नाई!” साळा वाढत गेला. मीही हात काही फार घट्ट धरला नव्हता.

तीन तासांनी परतताना छाती जड झाली. मंदानं, माझ्या बायकोनं, गाडी थेट दवाखान्यात न्यायला लावली.

ईसीजी झाला. ट्रोपोनिन, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारा घटक, दोनदा तपासला. मधला वेळ मी पडदा लावलेल्या खाटेवर छताकडे बघत काढला. मला मरायचं नव्हतं. इतकी भीती मला अँजिओप्लास्टीच्या वेळीही वाटली नव्हती.

झटका नव्हता. जीव भांड्यात पडतो न पडतो तोच ती नळी आली.

मी मोबाइलमधले जुने रिपोर्ट पुढे केले. डॉक्टर चक्रावले. तेव्हा मंदा बोलली. “साहेब, रिपोर्टच्या आधी आठ दिवस हे नुसती भाकर अन् वरणाचं पाणी घेतेत. नळी भरून देल्ली का तिथंच रस्त्यावर कचोरी खातेत.”

चारचौघांत असं सांगितल्याचा मला भयंकर राग आला.

डॉक्टर मात्र हसले नाहीत. “ट्रायग्लिसराइड म्हणजे जेवणातून रक्तात येणारी चरबी. जेवल्यावर ती सगळ्यांचीच वाढते. तुमची फार वाढून राहिली, अन् लवकर उतरत नसेल. उपाशीपोटीच्या रिपोर्टात ते लपू शकते. वरून तुम्ही तयारी करून येता. मग तुमच्या डॉक्टरांनी औषध ठरवलं ते कोणत्या माणसाचं रक्त पाहून?”

परीक्षेच्या आदल्या रात्री घोकंपट्टी करणाऱ्या पोरांना मी जन्मभर झापलं. आणि साठी उलटल्यावर स्वतः तेच करत होतो, तेही आपल्याच हृदयाशी.

तुमच्यापैकी कुणाच्या छातीत जाळी असेल, तर एवढंच सांगतो. रिपोर्टसाठी वेगळं जेवू नका. रोज काय खाता ते डॉक्टरांना खरं सांगा, आणि जेवणानंतरची तपासणी हवी का, हेही विचारा.

अमरावतीच्या माझ्या डॉक्टरांना मी सगळं कबूल केलं. त्यांनी औषध बदललं. तूप, तळण, साखर यांना कात्री लावली आणि दोन महिन्यांनी दोन्ही तपासण्या सांगितल्या: एक उपाशीपोटी, दुसरी जेवणानंतर चार तासांनी.

तपासणीच्या आदल्या संध्याकाळी मंदानं सवयीनं विचारलं, “वरणाचं पाणी काढू का?”

“नको. रोजचंच कर,” मी म्हणालो. ती पदराने डोळे पुसत स्वयंपाकघरात गेली. त्या दिवशी दवाखान्यात तिनं खरं सांगितलं नसतं तर, हा विचार माझ्या मनातून जाईना.

जेवणानंतरच्या तपासणीत ट्रायग्लिसराइडचा आकडा अजून हवा तेवढा उतरलेला नाही. फाईलमध्ये तो रिपोर्ट मी सगळ्यात वर लावला आहे, कारण दीड वर्षात तो पहिलाच माझा आहे.