रोज दोन ठोके मागे

घड्याळ दुरुस्तीला आलं की उस्ताद ते आधी उघडायचे नाहीत. भिंतीला टांगायचे, डोळे मिटून कान लावायचे. काय बिघडलंय ते सांगायला गिऱ्हाइकानं तोंड उघडलं, की तळहात वर. "जरा ठैरा. घड्याळच सांगायलंय."

पूर्णा स्टेशनाबाहेर त्यांचं टपरीएवढं दुकान होतं. सगळे त्यांना उस्ताद म्हणत. निजामाच्या राजवटीतली शेवटची वर्षं ती. मी तिथल्या शाळेत नवा मास्तर होतो, उर्दूतून विज्ञान शिकवायचो आणि अजून नोकरीत कायम झालो नव्हतो. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा. पुढे मी तिच्याच मागे लपलो.

उस्ताद मेंढरं राखणाऱ्या घरातले. शाळा पाहिलेली नाही. पण आसपासच्या लहान स्टेशनांवरच्या लंबकाच्या घड्याळांना चावी देण्याचं, तेल घालण्याचं काम त्यांच्याकडे होतं आणि त्याचा त्यांना भारी अभिमान. "गाडी डायवर हाकतो. डायवरला कोन हाकतंय? माजं घड्याळ!"

चुडाव्याच्या पलीकडच्या एका स्टेशनावरचं घड्याळ मात्र त्यांचं ऐकत नव्हतं. रोज दुपारी स्टेशनाच्या तारयंत्रावरून बरोबर वेळ यायची, तेव्हा ते कालच्यापेक्षा दोन ठोके, म्हणजे दोन सेकंद, मागे पडलेलं असायचं. स्टेशनमास्तर दर आठवड्याला बोटानं काटा पुढे ढकलायचे आणि उस्तादांना शिव्या घालायचे. उस्तादांनी भिंत बदलली, घड्याळ बदललं, उन्हाळा पाहिला, हिवाळा पाहिला. फरक तोच.

एक दिवस ते शाळेत आले. "मास्तर, लंबक हळू कवा हालतो?"

"लांबी वाढली तर. नाहीतर जमिनीची ओढ कमी झाली तर."

"लांबी म्या मोजली. मंग तितली जमीनच हलकी हाय."

मी हसलो. "अहो उस्ताद, ओढ सगळीकडे सारखीच. किताबात एकच आकडा आहे."

"किताब लिवनारा त्या टेसनावर उतरला व्हता का?"

सुट्टी लागली होती, म्हणून मी त्यांच्याबरोबर मोजायला बसलो. एकच घड्याळ आठ दिवस दुकानात, मग आठ दिवस त्या स्टेशनावर. रोज तारेची वेळ आली की उस्ताद बंडीच्या खिशात एक खडा टाकायचे. घड्याळ बरोबर असलं तर उजव्या, मागे पडलं तर डाव्या. मेंढरं मोजायची त्यांच्या घरची हीच तऱ्हा. दुकानातले आठही खडे उजवीकडे गेले. स्टेशनावरचे आठही डावीकडे. शेवटचा खडा त्यांनी माझ्या हातात दिला. "ह्यो तुमी टाका. साक्षीदार हाव तुमी."

मी तो त्यांच्या डाव्या खिशात टाकला.

पुढच्याच महिन्यात स्टेशनमास्तरांच्या तक्रारीवरून रेल्वेचे वरचे साहेब तपासणीला आले. उस्तादांनी मला सोबत नेलं. फलाटावर पाच-सात माणसं जमली होती. उस्ताद हात जोडून म्हणाले, "साहेब, घड्याळ बराबर हाय. हितली जमीन हलकी हाय."

फलाटभर हशा पिकला. साहेब माझ्याकडे वळले. "क्यों मास्टर साहब, ज़मीन भी हलकी होती है?"

मी सोळा दिवस मोजलं होतं. लंबकाचं सूत्र पोरांना मीच शिकवत होतो. पण साहेबांची आणि आमच्या हेडमास्तरांची चांगली ओळख होती, आणि मला कायम व्हायचं होतं.

"जी नहीं साहब. किताब में तो नहीं है," मी म्हणालो. आणि सगळ्यांबरोबर हसलोही.

त्या दिवशी उस्तादांचं काम गेलं. एकाच स्टेशनाचं नाही, सगळ्या स्टेशनांचं. परतीच्या गाडीत ते खिडकीबाहेर बघत बसले. मी काहीतरी बोलायला लागलो, तर त्यांनी तळहात वर केला. पूर्णा आल्यावर एवढंच म्हणाले, "मास्तर, तुमी सोता मोजलं व्हतं."

मी कायम झालो. निजामाचं राज्य गेलं त्या धामधुमीत दुकानाला कुलूप लागलं, ते उघडलंच नाही. उस्ताद कुठे गेले, कुणालाच सांगता आलं नाही.

बऱ्याच वर्षांनी एका जाड पुस्तकात वाचलं, की जमिनीची ओढ जागोजागी थोडी बदलते. पण तिथल्या आकड्यांतही आमचे दोन ठोके बसेनात. एका प्राध्यापकांना विचारलं. ते म्हणाले, "तुमच्या मोजण्यातच चूक असेल." आवाज अगदी त्या दिवशी फलाटावर होता तसा, माझ्यासारखा होता.

मागच्या महिन्यात मुद्दाम त्या स्टेशनावर उतरलो. हमाल स्टुलावर चढून काटा पुढे ढकलत होता. "नवा मिस्त्री बी तसलाच," तो कुरकुरला. "लय भिकार काम करायलाय."

"मिस्त्रीला बोलू नका," मी म्हणालो. "घड्याळ बरोबर आहे. इथली जमीन हलकी आहे."

बाकावरची माणसं वळून पाहायला लागली. हमाल पोट धरून हसला. "काय बी बोलायलेत सायेब!"

"मी स्वतः मोजलंय," मी म्हणालो. हशा वाढला. तो थांबेपर्यंत मी तिथंच, त्या घड्याळाखाली, उभा राहिलो.