कार्ड कोणाच्या नंबरावर

फुलसावंगीजवळच्या तांड्यावर हंसाबाईशी आवाज चढवून बोलायची कोणाची छाती नव्हती. नवरा गेल्यावर तिनं शेत एकटीनं सांभाळलं होतं. कापसाच्या काट्यावर पासंग मारणाऱ्या व्यापाऱ्याला तिनं भर बाजारात काटा पुन्हा लावायला लावला होता. घरात मात्र अलीकडे मुलगा बबलू कर्ता झाला होता. गावात त्याचं मोबाइलचं दुकान होतं, आणि जगातलं सगळं आपल्यालाच कळतं असं त्याला वाटायचं.

लेक संगीता नागपूरच्या दवाखान्यात बाळंत झाली. बाळ दिवस भरायच्या आत आलं, म्हणून काचेच्या पेटीत ठेवलेलं. जावई वणीला कोळशाच्या ट्रकवर, त्याला सुटी मिळेना. हंसाबाई निघाली तशी बबलूनं तिच्या चंचीतल्या नोटा काढून घेतल्या. शहरात चोर फार, म्हणाला, आणि हातात मेट्रोचं कार्ड दिलं. त्यात पैसे भरलेले होते, तिच्याच कापसाचे. मेट्रोत तर चालतंच, पण औषधाच्या दुकानात, कॅन्टीनमध्ये, किराण्यातही हेच मशीनला टेकवायचं, असं त्यानं शिकवलं.

आधी हंसाबाईला ते आवडलं. सुट्ट्यांची कटकट नाही, कोणी अडाणी समजून फसवत नाही. एका नातलगाकडे मुक्काम होता. तिथून ती रोज मेट्रोनं दवाखान्यात जायची, वाटेत लेकीसाठी केळी घ्यायची. कार्ड टेकवलं की मशीन पीं करायचं आणि तिला उगाच बरं वाटायचं.

मग बबलूचे फोन सुरू झाले. कार्ड त्याच्या नंबरावर होतं. तिनं काहीही घेतलं की मेसेज त्याला जायचा. सकाळी दोनदा चहा कायले घेतला, विचारायचा. इतकी महाग केळी काहून घेतली. सून उज्ज्वला मागून हसताना ऐकू यायची. हंसाबाईनं पहिल्यांदा थट्टेवारी नेलं. नंतर चहाचा कप हातात घेतला की तिला बबलूच खांद्यावरून वाकून बघतोय असं वाटू लागलं. दोनदा ती चहा न घेताच परतली, आणि दोन्ही वेळा स्वतःवरच चिडली.

संगीताच्या शेजारच्या खाटेवर घाटंजीकडची एक पोर होती. तिचं बाळ वाचलं नाही. तिची आई भागीरथा दिवसभर भिंतीकडे बघत बसायची. हंसाबाईनं तिला कॅन्टीनमध्ये ओढत नेऊन जेवू घातलं, दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी नर्सनं संगीतासाठी इंजेक्शन आणायला सांगितलं. हंसाबाई औषधाच्या दुकानात रांगेत उभी राहिली. कार्ड टेकवलं. मशीन गप्प. दुकानदारानं पुसून पुन्हा लावून पाहिलं आणि सांगितलं, बाई, हे बंद आहे. मागची माणसं चुळबुळ करू लागली. त्यानं इंजेक्शनचं खोकं उचलून आत ठेवून दिलं.

तिनं बाजूला होऊन बबलूला फोन लावला.

"मीच बंद केलं मोबाइलवरून, याडी," तो आईला शांतपणे म्हणाला. "दोन दोन ताटं कोणाची लागून राह्यली? आधी हिशोब सांग, मंग चालू करतो."

इंजेक्शन राहिलं आहे, असं सांगायला तिनं तोंड उघडलं, तोवर फोन ठेवला गेला होता. पुन्हा लावला, उचलला नाही. गिऱ्हाईक असेल दुकानात.

शेवटी पैसे भागीरथानं दिले, पदराची गाठ सोडून, एक शब्द न विचारता. जिच्या घरावर तसा दिवस आलेला, तिच्यापुढे हात करावा लागला. हंसाबाईच्या कानशिलांतून वाफ निघत होती. इंजेक्शन वेळेत मिळालं, संगीताला ताप चढला नाही; पण त्यानं राग कमी झाला नाही. संध्याकाळी बबलूनं कार्ड चालू केलं आणि झालं ना आता चालू, असं फोनवर सांगितलं. तिनं फोन ठेवून दिला. त्या दिवसापासून तिनं कार्डाला हात लावला नाही. मुक्कामापर्यंत ती उन्हातून पायी जायची.

बाळ पेटीबाहेर आलं तेव्हा बबलू पेढे घेऊन आला. हंसाबाईनं त्याला बाळाजवळ बसूही दिलं नाही. चल, म्हणाली, आणि मेट्रोच्या स्टेशनवर घेऊन गेली. खिडकीतल्या पोरीला आपलं आधार दिलं, नवीन कार्ड मागितलं. पोरीनं मोबाइल नंबर विचारला. बबलू सवयीनं आपला नंबर सांगू लागला.

"तू गप राय," हंसाबाई म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण रांगेतले सगळे बघू लागले. "माह्या कापसाचा पैसा, अन् माह्या पोरीची सुई तू बंद करतं? तुले मी नऊ महिने पोटात ठेवलं, तवा कोणाले हिशोब दिलता?"

बबलू म्हणाला की काळजीपोटीच केलं. तिनं पोरीला स्वतःचा नंबर एकेक आकडा करत सांगितला. मग जुनं कार्ड त्याच्या शर्टाच्या खिशात कोंबलं आणि त्यातले सगळे पैसे रोख काढून, अजून दवाखान्यातच असलेल्या भागीरथाच्या हातात नेऊन दे म्हणाली, आत्ताच्या आत्ता.

तो गेला, आणि पैसे देऊनही आला. संगीता म्हणाली, याडी, आता सोड. हंसाबाई बाळाचं दुपटं बदलत राहिली. बबलूनं पेढा पुढे केला तो तिनं घेतला नाही, आणि परतीच्या गाडीत बबलू खिडकीजवळ बसला तेव्हा ती उठून मागच्या सीटवर जाऊन बसली.