मान खाली घालून बघितलेलं जंगल

मी बँकेतून निवृत्त झाले आणि मुलीने मला इक्वेडोरला नेलं, अँडीजच्या जंगलात भूछत्रं बघायला. आमच्या बनारसच्या रामघाटावरच्या घरात भूछत्र खाणं सोडाच, त्याचं नावही कुणी काढत नाही. घरची भिक्षुकी माझे धाकटे दीर सांभाळतात. निघताना त्यांनी बजावलं, "वहिनी, बघा, पण तोंडात घालू नका."

जंगलात धुकं, चिखल आणि माना वर करून चालणारे आमचे सहप्रवासी. एखादा पक्षी दिसला की सगळे थबकायचे. मला मात्र ओंडक्याखाली, कुजक्या पानांत भूछत्रंच दिसायची. काही निळी, काही जाळीदार, काही शेंबडासारखी बुळबुळीत. वाटाड्यालाही न दिसलेली! त्याने मुलीला विचारलं, "बाईंनी याचा अभ्यास कुठे केला?"

डोंबलाचा अभ्यास! लग्न होऊन बनारसला आले तेव्हापासून गाई-सांडांच्या गल्ल्यांतून चालतेय. तिथे जो वर बघतो, त्याला घरी जाऊन पाय धुवावे लागतात. मुलीने हे त्याला सांगितलं, तर त्याने सगळ्यांना फर्मावलं, "बाईंसारखं चाला." मग काय, अख्खा जथा मान खाली घालून माझ्या मागे!

मी बनारसला परतले ती ताठ मानेने. गल्लीत शिरताच वरच्या खिडकीत दीर दिसले. मला कुठला धीर! मी खालूनच वर बघत ओरडले, "भावजी, सगळ्या जंगलात माझ्यासारखी नजर..."

"वहिनी, पाय!"

शेण अगदी ताजं होतं.